ऐकल्यापासून सुतक

आईच्या फोनवर मेसेज आला तेव्हा गोपीदादा दक्षिण शोधत होते.

कोपरच्या त्या इमारतीच्या बिल्डरने जागेचा कण न् कण विकायच्या नादात बिल्डिंग अशी काही तिरकी बसवली होती की आठल्यांच्या हॉलमध्ये दक्षिण दिशा नेमकी फ्रीज आणि शोकेस यांच्यामधल्या फटीत जात होती. गोपीदादांनी मोबाइलमधलं होकायंत्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. दक्षिण काही हटेना. शेवटी आईला हॉलमध्ये तिरकं निजवावं लागलं. सोफा गॅलरीत गेला, टीपॉय शेजारच्या सुदेशकडे. "वात दक्षिणेकडे कर," गोपीदादा म्हणाले, आणि गुरुदत्तने समईची वात दक्षिणेकडे, म्हणजे फ्रीजकडे केली.

तेवढ्यात उशाशी टुणकन वाजलं. सगळ्यांनी एकमेकांकडे रागाने पाहिलं. घरात शिरताना प्रत्येकाने आपापला फोन गप्प केला होता. ज्याचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं तो फोन गेलेल्या माणसाचा होता.

गुरुदत्तने तो उचलला. शौनकचा फोटो होता. जर्मनीत केम्निट्झला एम.एस. करणारा त्याचा एकुलता एक मुलगा तीन मित्रांच्या गळ्यात हात टाकून एका तंबूबाहेरच्या रांगेत उभा होता. तंबू कसला, आपल्याकडे त्यात दोन मंगल कार्यालयं आणि पार्किंग बसलं असतं. पोराच्या अंगात चौकड्यांचा शर्ट आणि गुडघ्यापर्यंत चामड्याची चड्डी. खाली लिहिलं होतं : 'आजी, म्युनिकला पोचलो. चड्डी भाड्याची आहे, बाबांना सांग. तुझ्या चहाच्या वेळेला फोन करतो. जागी राहा.'

"कोणाचा?" शुभदाने विचारलं.

"शौनकचा. पोचलाय."

शुभदाने ओढणी तोंडाशी धरली. "त्याला कळवायला हवं ना हो."

"हो," गुरुदत्त म्हणाला आणि त्याने तो फोन आपल्या खिशात टाकला.

कांता आठल्ये, वय ब्याऐंशी, त्या शनिवारी सकाळी चहा घेऊन "जरा पडते गं" असं सुनेला म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने शुभदा भाजी निवडायला घेऊन त्यांच्यापाशी बसली तर त्या गेलेल्या होत्या. हाक नाही, कण्हणं नाही. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईंनी स्वतः मात्र कोणालाही न कळवता जायचं ठरवलं. गुरुदत्त त्या वेळी खाली पार्किंगमध्ये सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बोलत होता. चांगला तावातावाने बोलत होता. टाकी दोनदा धुवायची की तीनदा, यावर त्याला ठाम मत होतं.

एरवी त्याला कशावरच ठाम मत नसे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्याची उमर गेली होती. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय त्याने नटबोल्टसुद्धा घेतला नव्हता, आणि एका पार्टीने दिवाळीला दिलेली भिंतीवरची दिनदर्शिका त्याने साहेबांना विचारून मगच घरी आणली होती. साहेबांनाही तेव्हा काय बोलावं ते सुचलं नव्हतं. अशा माणसाला त्या दिवशी दुपारच्या आत एक निर्णय घ्यायचा होता, आणि त्याची कोटेशनं कुठेच मिळत नव्हती.

तो गोपीदादांना घेऊन गॅलरीत सोफ्यावर बसला. गोपीदादा म्हणजे गोपीनाथ आठल्ये, त्याचे थोरले चुलतभाऊ, कल्याणला राहणारे. घराण्यातल्या मुंजी, लग्नं आणि मर्तिकं यांचा अंतिम निवाडा त्यांच्याकडे असे. पंचांग ते इतर लोक वर्तमानपत्र वाचतात तसं वाचत, म्हणजे आधी शेवटचं पान.

"दादा, शौनकला सांगायचं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत तरी नाही."

"का?"

"तो मित्रांबरोबर गेलाय. फिरायला. जत्रा असते तिकडे."

"कसली जत्रा?"

गुरुदत्तला खोटं बोलता येत नसे. "बिअरची."

गोपीदादांनी चष्मा काढून पुसला. "पितृपक्षात?"

"त्यांच्याकडे पितृपक्ष नसतो, दादा."

"नशीबवान आहेत," गोपीदादा म्हणाले. मग बराच वेळ खाली रिक्षावाल्यांचं भांडण ऐकत राहिले. "हे बघ गुरू. घरात आहेत त्यांना दहा दिवस. पण परदेशी असतो त्याला ऐकल्यापासून सुतक. ऐकलं नाही, तर लागलं नाही. शास्त्रच आहे तसं."

"म्हणजे आज त्याने बिअर प्यायली तर?"

"तर ती नुसती बिअर."

शुभदा दाराशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आणि उद्या तो विचारेल, मला का नाही सांगितलं? तेव्हा काय सांगणार आहात, शास्त्रात होतं म्हणून? त्याची आजी आहे ती. आपल्यापेक्षा जास्त तिच्याशी बोलायचा तो."

"म्हणूनच," गुरुदत्त म्हणाला.

शुभदा परत आत गेली, कारण गेला हिवाळा तिलाही आठवत होता.

गेल्या हिवाळ्यात शौनक खोलीतून बाहेर पडेनासा झाला होता. एका विषयात नापास झाला, दुसऱ्या विषयाला बसलाच नाही. आईबापांनी विचारलं की "बिझी आहे" म्हणायचा. आजीशी मात्र रोज बोलायचा. आजी चार वाजता चहाला बसली की तिकडे त्याची जेवायची वेळ व्हायची. ती फोन बरणीला टेकवून समोर ठेवायची आणि तो तिकडे गॅससमोर. "कांदा दाखव," ती म्हणायची. "हा लाल झालाय? हा नुसता घाबरलाय. हलव अजून." असा अख्खा हिवाळा तिने त्या पोराकडून कांदा परतून घेतला. एकदा गुरुदत्तने दाराआडून ऐकलं, शौनक म्हणत होता, "आजी, मी दोन दिवस कोणाशीच बोललेलो नाहीये. आवाज निघतोय का माझा नीट?" आणि ती म्हणाली होती, "निघतोय, जरा खरखरतोय. उद्या कोणाशी तरी बोल आणि मला सांग काय बोललास ते."

मग उन्हाळ्यात त्याला सुश्रुत भेटला. तोही आपल्याकडचाच, ठाण्याला माजिवड्याचा. सुश्रुतमुळे आणखी दोघं भेटली. क्रिकेट सुरू झालं. राहिलेले विषय सुटले. आणि आता ही जत्रा. निघायच्या आदल्या दिवशी शौनकने आजीला विचारलं होतं, "जाऊ ना गं? म्हणजे बिअर वगैरे असते." आजी म्हणाली, "मला काय विचारतोस, मी कुठे पिणार आहे? जा, आणि मला सगळं ऐकव."

पोराला पहिल्यांदा मित्र मिळाले होते. गुरुदत्तला त्याला दोन दिवस द्यायचे होते. आईने मोकळ्या केलेल्या पोराला आईच्याच निमित्ताने पुन्हा त्या खोलीत नेऊन बसवायचं, हे त्याच्याच्याने होईना.

निर्णय घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं, अंमलबजावणी भयंकर होती. 'आठल्ये परिवार' या ग्रुपवर शौनक होता. गुरुदत्तने एकेकाला फोन करून बातमी दिली आणि लगेच विनंती केली, की ग्रुपवर काही टाकू नका. त्यामुळे ग्रुप एकदम गप्प झाला. रोज सकाळपासून गुलाबाची फुलं आणि सुविचार यांनी ओसंडणारा ग्रुप गप्प झाला तर पोराला संशय येणार, म्हणून गोपीदादांनी गुळवेलीच्या फायद्यांवर एक मोठा मजकूर पाठवला. त्याखाली नांदेडच्या एका काकांनी, ज्यांना विनंती कळली होती पण उमगली नव्हती, 'ॐ शांती' लिहिलं. ते पुसलं गेलं, पण पुसल्याची खूण राहिली. ती वर सरकावी म्हणून कोणीतरी नवराबायकोचा एक विनोद टाकला. मग महाराष्ट्रभर विखुरलेल्या आठल्यांनी ओल्या डोळ्यांनी त्यावर हसरे चेहरे पाठवले. विनोद तसा जुनाच होता.

दुपारी सुदेश बर्फाची लादी घेऊन आला. "काका, तुम्ही कायपण टेन्शन नका घेऊ. गाडीला सांगितलेलं आहे, सातची. दाखलापण आणलाय. ताई कुठवर आल्यात?"

ताई म्हणजे नंदा, गुरुदत्तची धाकटी बहीण, चिपळूणला दिलेली. तिच्यासाठीच सगळं थांबलं होतं. ती सकाळीच गाडी करून निघाली होती. पण मुंबई-गोवा महामार्गाचं काम गुरुदत्तच्या नोकरीच्या काळात सुरू झालं होतं आणि त्याच्या निवृत्तीनंतरही चालू राहील अशी लक्षणं होती. "माणगावात अडकलेय रे, दादा," तिचा फोन आला. "एकापुढे एक ट्रक नुसते. मी उतरून चालत येऊ का?" तिला समजवायला ड्रायव्हरलाच फोन द्यावा लागला.

हा फोन ठेवतोय तोच अनोळखी नंबर.

"नमस्कार, मी सुश्रुतची आई बोलतेय, माजिवड्याहून. फार वाईट झालं हो. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई आमच्या मावसबहिणीच्या विहीण ना, त्यांच्याकडून कळलं. मी लगेच सुश्रुतला मेसेज केला, म्हटलं, शौनकच्या जवळच थांब, एकटा सोडू नकोस."

गुरुदत्त मोरीच्या उंबऱ्यावर बसला. "ताई, शौनकला माहीत नाहीये."

"अगं बाई! थांबा, मी डिलीट करते."

पण सुश्रुतने तो वाचलेला होता. पाचच मिनिटांत त्याचा मेसेज आला : 'काका, मी सुश्रुत. मी त्याला काही बोललो नाहीये. तो खूप खूश आहे. काय करू?'

गुरुदत्त बराच वेळ त्या मेसेजकडे बघत राहिला. कुठलं तरी तेवीस वर्षांचं पोर, ज्याला त्याने कधी पाहिलंही नव्हतं, ते हजारो माणसांच्या गोंगाटात हातात ग्लास घेऊन गुरुदत्तच्या आईची बातमी सांभाळत बसलं होतं. त्याने लिहिलं, 'काही करू नकोस. मजा करा.' पाठवल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं. पाठ फिरवून तो मोरीतच उभा राहिला, आणि बाहेर कोणाला नुसता पाण्याचाच आवाज यावा म्हणून त्याने नळ सोडला.

चार वाजता खिशातला आईचा फोन वाजू लागला. व्हिडिओ कॉल.

गुरुदत्त बेडरूममध्ये गेला आणि त्याने तो वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने कॅमेरा बंद करून उचलला. पलीकडून बँडचा असा काही लोंढा आला की त्याने फोन कानापासून लांब धरला.

"आजी! ऐकू येतंय का? आजी!"

"अरे, मी बाबा."

"बाबा! आजी कुठंय?"

"झोपलीय."

"आत्ता? चहाच्या टायमाला?"

"आज जरा… लवकर पडलीय."

"बरी आहे ना? उठव ना तिला. नाही, नको, नको उठवू. बाबा, ऐक, एक काम कर. फोन तिच्या कानाला लाव. मी तिला बँड ऐकवणार होतो, प्रॉमिस केलेलं. उठली तर उठली, नाहीतर झोपेत ऐकेल."

"मग कर ना नंतर. रात्री कर."

"रात्री कुठे बँड? आणि इथे नेटवर्कची वाट लागलीय, आत्ता कसाबसा लागलाय. लाव ना यार बाबा, दोन मिनिटं."

गुरुदत्तला तिथेच, पलंगाच्या कडेला उभं राहून म्हणता आलं असतं, की लावलाय. पलीकडे कोणाला दिसणार होतं? कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण न आलेल्या मालाची पोच देण्याची त्याला सवय नव्हती. "थांब," तो म्हणाला.

तो हॉलमध्ये आला आणि त्याने हात वर केला. बायका हुंदके देत होत्या त्या थांबल्या. कोणीतरी पंखा बंद केला. गुरुदत्त बर्फाच्या लादीपाशी गुडघे टेकून बसला. आईच्या कानात कापसाचा बोळा होता. तो त्याने काढला, मुठीत धरला आणि फोन तिच्या कानाला लावला. "लावलाय," तो म्हणाला.

आणि मग त्या हॉलमध्ये बँड वाजू लागला. तुताऱ्या, ढोल, आणि हजारो माणसं एका सुरात काहीतरी गाताहेत, बाकांवर पाय आपटताहेत, ग्लासांवर ग्लास आदळताहेत. चुलीला बंदी असलेल्या त्या घरात, शेजारून आलेल्या चहाचे कप तसेच हातात धरून, पंधरा-वीस माणसं माना खाली घालून ते ऐकत उभी राहिली. सुदेशने नकळत छातीवर हात ठेवला होता, राष्ट्रगीत लागल्यासारखा.

"आजी, ऐकतेयस ना?" शौनक ओरडत होता. "सगळे बाकावर उभे राहिलेत, मीपण! ग्लास केवढा आहे माहितीये, आपल्या दुधाच्या पातेल्याएवढा. आजी, कडू असते गं, काढ्यासारखी. पण चालतं." मग त्याचा आवाज एकदम खाली आला, जवळ आला, जणू त्याने फोन तोंडापाशी घेतला होता. "आजी, मी बरा आहे आता. खरंच बरा आहे. तुला सांगायचं होतं."

गुरुदत्त आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. एवढं ऐकून कोणाच्याही चेहऱ्यावर काही तरी उमटलं असतं.

पलीकडे दुसरा एक आवाज घुसला. "शौन्या, चल, जेवण आलंय. ठेव ना आता. झोपू दे रे त्यांना." आणि फोन बंद झाला. त्या आवाजाचा मालक कोण, ते गुरुदत्तला ओळखता आलं. 'झोपू दे' म्हणताना तो आवाज जरासा फाटला होता.

गोपीदादांनी गुरुदत्तची मूठ उघडली, कापूस घेतला, आणि तो स्वतःच्या हाताने परत कानात घालताना त्यांच्या तोंडून "काकू" अशी हाक निघाली, लहानपणी मारायचे तशी. कापूस नीट बसवून त्यांनी काकूंच्या कपाळावरून हात फिरवला. मग बायका रडल्या. आता हरकत नव्हती.

नंदा पोचली तेव्हा दिवे लागले होते. ती दारातच बसली. गणपतीला ती यायची होती, आली नव्हती. सासरी काहीतरी निघालं होतं. आई रुसली होती, आणि तेव्हापासून नंदाचा फोन आला की "शुभदाशी बोल" म्हणून फोन देऊन टाकत होती. पितृपक्ष संपला की येते आणि समजूत काढते, असं नंदाने ठरवलं होतं. संपायला एकच दिवस राहिला होता. ती आईचे पाय धरून बसली, आणि गाडी आली तरी सोडेना. गार पायांना चोळून ऊब आणावी तशी ती ते चोळत होती.

रात्री सगळं उरकून मंडळी परतली. सुदेशच्या बायकोने पिठलंभात करून पाठवला. सगळ्यांनी खाल्ला. नंदाने ताटाला हात लावला नाही.

रविवारी सकाळी शुभदा गॅलरीत आली. गुरुदत्त सोफ्यावर बसून होता. सोफा आत घ्यायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं.

"आज संध्याकाळी सांगणार ना त्याला?"

"हो. खोलीवर पोचला की."

"कधी गेल्या म्हणून सांगणार?"

"काल सकाळी."

शुभदा त्याच्याकडे बघत राहिली. मग गुरुदत्तच्या लक्षात आलं. काल सकाळी म्हटलं की पोरगा क्षणात हिशोब करणार. ज्या कानाशी तो 'मी बरा आहे' म्हणाला, तो कान कसला होता, हे त्याला कळणार. आणि मग तो ते आयुष्यभर ऐकत बसणार.

"आज सकाळी म्हणा," शुभदा म्हणाली. कालपासून 'कळवा, कळवा' म्हणणारी शुभदा. "आज सकाळी गेल्या. काल त्यांनी ऐकलं."

एक माणूस चोवीस तास जास्त जगवायचा तर किती लोकांना हाताशी धरावं लागतं, ते गुरुदत्तला त्या दिवशी कळलं. सुश्रुतला फोन केला. तो बसमध्ये होता, शौनक शेजारी झोपला होता. तो कुजबुजला, "काका, मला काल कोणाचा मेसेज आलेलाच नाही. आईशी पण बोलतो मी." नांदेडच्या काकांना तीनदा समजावावं लागलं. राहता राहिले गोपीदादा.

"तिथी हलवायची?" गोपीदादा उठून उभेच राहिले. "गुरू, तुझ्यासाठी मी एक वेळ कोर्टात खोटी साक्ष देईन. तिथी नाही. अरे, वर्षश्राद्ध आहे, पुढे त्या पोराने करायचं आहे. चुकीच्या दिवशी पान वाढलं तर पोचायचं कोणाला?"

वाद घालण्याइतकं गुरुदत्तमध्ये काही उरलं नव्हतं. गोपीदादा थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, आणि पान शोधायची गरज नसताना बराच वेळ शोधलं.

"काल घातचतुर्दशी होती," ते पंचांगाकडे बघत म्हणाले. "शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांची तिथी. चहा पिऊन शांतपणे गेलेल्या बाईला ती तशी शोभत नव्हती म्हणा." पुन्हा थांबले. "आज सर्वपित्री. ज्यांची तिथी माहीत नसते त्यांचं अमावास्येला करतात. ते चालतं. ते शास्त्रात आहे."

"पण आपल्याला तिथी माहीत आहे, दादा."

"नाही," गोपीदादा म्हणाले आणि त्यांनी पंचांग मिटलं. "आपल्याला माहीत नाही."

संध्याकाळी शौनक खोलीवर पोचल्याचं सुश्रुतने कळवलं. 'मी इथेच थांबलोय, जात नाही,' असंही लिहिलं. गुरुदत्त हॉलच्या मधोमध सतरंजीवर बसला. त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण फोन कानाला लावून ठेवणं आता त्याला जमत नव्हतं. भिंतीला टेकून शुभदा, गोपीदादा आणि सुदेशकडून आलेल्या दुपारच्या भातालाही न शिवलेली नंदा.

त्याने सांगितलं. सांगायला फारसं काही लागलं नाही. "शौनक, आजी गेली रे," एवढंच.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग सुश्रुत कुठूनतरी हळू म्हणाला, "बस, बस इथे."

"कधी?" शौनकने विचारलं.

"आज सकाळी. झोपेतच. काही त्रास नाही झाला."

"मी काल फोन केलेला…"

"हो."

"ऐकलं का तिने? का झोपलेलीच होती?"

"ऐकलं. तू ठेवलास आणि उठली."

"काय म्हणाली?"

याची तयारी गुरुदत्तने केलेली नव्हती. तारीख, वार, वेळ, साक्षीदार, सगळं त्याने दिवसभर जुळवलं होतं, पण आई काय म्हणाली हे ठरवायचं राहून गेलं होतं. रजेसाठी आजारपणसुद्धा कधी रचून सांगितलं नव्हतं त्याने. त्याने शुभदाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. पलीकडे पोरगा वाट बघत होता.

"म्हणाली," गुरुदत्त म्हणाला, "म्हणाली, एवढं पिऊन हे लोक सुरात कसे काय वाजवतात?"

पलीकडून एक विचित्र आवाज आला. आधी वाटलं पोर रडलं, मग कळलं हसलं, मग कळलं की दोन्ही. "तीच," शौनक म्हणत होता, "सुश्रुत, बघ ना, अगदी तीच ती… अगदी तशीच…" आणि मग तो रडू लागला, मोठ्याने, लहानपणी रडायचा तसा तोंड उघडून. सगळे ते ऐकत राहिले. पलीकडे त्याच्या पाठीवर कोणीतरी थोपटत होतं, तेही ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने फोन बंद झाला. "लागलं त्याला," गोपीदादा पुटपुटले, आणि तोंड धुवायला उठून गेले.

गुरुदत्तने चष्मा काढला होता, त्यामुळे नंदा त्याच्याकडे केव्हापासून बघतेय हे त्याला कळलं नाही.

"दादा," ती म्हणाली. "आणि माझ्याबद्दल?"

शुभदाने चमकून वर पाहिलं. काल संध्याकाळी याच नंदाने ते पाय चोळले होते. काय खरं आणि काय नाही, ते या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुदत्तने चष्मा घातला. "तुझं विचारत होती," तो म्हणाला.

"काय?"

"निघाली का म्हणून."

"चिडून?"

"नाही गं. चिडून नाही. आपलं सहज. निघाली का रे नंदा, असं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, निघालीय. माणगाव सोडलंय."

नंदाने मान हलवली. डोळे पुसले, केस मागे घेतले, मग पुन्हा एकदा मान हलवली.

"वहिनी," ती म्हणाली, "भात उरलाय का गं थोडा?"